वेगळी खोली, ताजी यादी : सॉफ्टवेअरची पॅकेजेस सांभाळायची कशी?



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक सॉफ्टवेअरवर काय बोलणार, हा प्रश्न पहिल्या रांगेतल्या दोन-चार चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतोय. तो रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच, की निवृत्तीनंतर मी हौसेनं पायथन शिकलो आणि त्या हौसेपायी अंबरनाथमधल्या एका वाचनालयाची देवघेव तीन दिवस बंद पाडली. आजचं व्याख्यान त्या तीन दिवसांतून निघालं आहे.

झालं असं. त्या वाचनालयासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पुस्तकांची सूची, सभासदांची नावं-पत्ते, कोणतं पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद आणि मुखपृष्ठांचे फोटो. दोन वर्षं तो बिनबोभाट चालला. २०२४ च्या पावसाळ्यात कार्यकारिणीनं विचारलं, वर्षभरात कोणत्या प्रकारची पुस्तकं जास्त वाचली गेली याचा आलेख काढता येईल का? मी म्हटलं, का नाही? त्याच संगणकावर आलेखांचं नवं पॅकेज उतरवलं. आलेख झकास निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला : "सर, देवघेवीचं उघडतच नाही."

पुढचे तीन दिवस बाईंनी जुनी वही काढून हातानं नोंदी केल्या. एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "आमचं वहीवर कधी अडलं नव्हतं हो." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग नेमकं बिघडलं काय होतं?

आज कोणीही प्रोग्राम शून्यातून लिहीत नाही. आकडेमोड, फोटो उघडणं, तक्ते करणं यासाठी दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार संच मिळतात, त्यांना पॅकेजेस म्हणायचं. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, दुसरं तिसऱ्यावर. माझा देवघेवीचा प्रोग्राम पांडाज नावाच्या पॅकेजवर उभा होता आणि पांडाज नमपायवर. १६ जून २०२४ ला नमपायची २.० ही आवृत्ती आली. तिच्यात आतले सांधे बदलले होते. जुन्या नमपायसाठी बांधलेली पॅकेजेस नव्याशी जुळत नव्हती. हे त्यांनी आधी जाहीरही केलं होतं. माझ्या आलेखांच्या पॅकेजबरोबर नवं नमपाय आलं, ते जुन्याच्या जागी बसलं, आणि जुना पांडाज कोसळला. नमपायवाल्यांचा यात दोष नाही, पांडाजवाल्यांचाही नाही. दोष माझा. दोन वेगळ्या गरजांचे प्रोग्राम मी एकाच खोलीत राहायला लावले होते.

पहिली गोष्ट : खोली

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला त्याची स्वतंत्र जागा देणं. पायथनमध्ये तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ पासून ही सोय भाषेबरोबरच मिळते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पण ही जागा म्हणजे काय, हे नीट कळलं नाही तर ती जादू वाटते, आणि जादू वाटली की माणूस फसतो.

उल्हासनगरला पत्ता कसा सांगतात, ते आठवा. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला मिळाली, आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. पण पत्ता अजून छावणीचाच आहे : कॅम्प नंबर, बॅरेक नंबर, खोली नंबर. 'तीन नंबरमधलं अमुक दुकान' आणि 'पाच नंबरमधलं अमुक दुकान' यांचं नाव एकच असू शकतं, माल वेगळा. रिक्षावाल्याला नुसतं दुकानाचं नाव सांगितलं तर तो आधी लागेल त्या दुकानापाशी उतरवणार.

संगणकाचंही तसंच. तुम्ही 'पायथन' म्हणता तेव्हा तो त्याच्याकडच्या पत्त्यांच्या रांगेत वरून खाली शोधत जातो आणि पहिला सापडेल तो पायथन चालवतो. खोली 'ॲक्टिव्हेट' करणं म्हणजे मुख्यतः तिचा पत्ता या रांगेत सर्वांत वर लिहिणं. बस्स. खोली म्हणजे एक फोल्डर, त्यात त्या प्रोग्रामपुरती पॅकेजेस. देवघेवीच्या खोलीत जुनं नमपाय, आलेखांच्या खोलीत नवं. दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

आजकाल डेबियन, उबुंटूसारख्या नव्या प्रणाली तर मूळ पायथनमध्ये पिपनं काही घालायला गेलात की सरळ अडवतात. लोक वैतागतात आणि ती अडवणूक मोडून काढायचा उपाय शोधतात. मोडू नका. त्या पायथनवर प्रणालीची स्वतःची कामं चालतात. पाहुण्यानं यजमानाच्या देवघरात सामान मांडू नये.

पण इथे एक सावधगिरी. ही खोली पडद्याची आहे, भिंतीची नाही. आतलं पॅकेज तुमच्या संगणकावरच्या बाकीच्या फायली वाचू शकतं. तुमचे फोटो, तुमची बँकेची पत्रं, सगळं. ती गोंधळ टाळते, चोर अडवत नाही. त्याहून जाड भिंत हवी तर डॉकरसारखा कंटेनर, आणि त्याहून जाड हवी तर पूर्ण आभासी संगणक. काम बघून भिंत निवडावी. अनोळखी पॅकेज चाखून बघायचं असेल तर पडद्यामागे चाखू नका.

दुसरी गोष्ट : यादी

खोली झाली. आता तिच्यात काय ठेवायचं, याची यादी हवी. इथे मला माझ्या मूळ विषयाकडे जाऊ द्या, कारण न्यायशास्त्रात हा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे.

एखाद्या गोष्टीची व्याख्या, म्हणजे लक्षण, तीन प्रकारे चुकू शकतं. गाईचं उदाहरण नेहमीचं. 'जिला शिंगं असतात ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते : अतिव्याप्ती. 'जी कपिल रंगाची ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते : अव्याप्ती. 'जिचा खूर अखंड असतो ती गाय' म्हटलं तर अशी गायच मिळणार नाही : असंभव.

आता पॅकेजची यादी लिहा. 'नमपाय, कुठलीही चालेल' असं लिहिलंत तर २.० सुद्धा आत येते आणि माझ्यासारखी फजिती होते. ही अतिव्याप्ती. फोटो उघडणाऱ्या पिलो या पॅकेजबद्दल '९.५.०, तीच आणि तेवढीच' असं लिहिलंत तर पुढे झालेल्या सगळ्या दुरुस्त्या दाराबाहेर राहतात. ही अव्याप्ती. एका पॅकेजला नमपाय २ च्या आतलं हवं, दुसऱ्याला २ किंवा पुढचं, आणि दोन्ही एकाच खोलीत हवीत : हा असंभव. पिप तेव्हा लांबलचक लाल मजकूर दाखवतं. घाबरू नका, तो एवढंच सांगत असतो की तुमच्या लक्षणात बसणारी वस्तू जगात नाही.

बरोबर लक्षण कसं लिहायचं? 'नमपाय १.२६ पासून पुढे, पण २ च्या आत.' आवृत्तीत सहसा तीन आकडे असतात. शेवटचा बदलला तर किरकोळ दुरुस्ती, मधला बदलला तर नवी सोय, पहिला बदलला तर जुनं काही मोडू शकतं. हा संकेत आहे, कायदा नाही. सगळे पाळतातच असं नाही. पण तो माहीत असला तर निम्मी दुखणी टळतात.

आणि याद्या दोन ठेवायच्या. पहिली हेतूची : मला काय हवं आणि कोणत्या मर्यादेत. ही माणूस लिहितो, ती पाच-सात ओळींची असते. दुसरी नोंदीची : प्रत्यक्षात नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसल्या, पॅकेजांची पॅकेजेस धरून. ही यंत्रानं करायची. तिला लॉक फाइल म्हणतात. यूव्ही, पोएट्री, पिप-टूल्स ही साधनं ती करून देतात. जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएमही करतं. तिच्यात प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो, त्यामुळे मधल्यामध्ये कोणी पुडी बदलली तर लक्षात येतं.

या दोन याद्या असल्या म्हणजे खोलीची काळजी मिटते. खोली बिघडली? फोल्डर पुसा, यादीवरून पाच मिनिटांत नवी उभी करा. जपायची ती यादी. खोली जपायची नाही.

तिसरी गोष्ट : ताजेपणा

हे सगळं मी शिकलो, देवघेवीचा प्रोग्राम जुन्या पॅकेजेससकट वेगळ्या खोलीत बसवला आणि सुखानं हात झटकले. नोंदीची यादी तीच हेतूची यादी मानली. प्रत्येक आकडा गोठवला. 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' हे वाक्य आपण सगळे म्हणतो. मी ते वर्षभर म्हटलं.

मग माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बदलापूरला राहतो, रोज लोकलनं ऐरोलीला नोकरीला जातो. त्यानं प्रोग्राम बघितला आणि पिप-ऑडिट नावाचं साधन चालवलं. ते तुमच्या यादीतल्या आवृत्त्या जाहीर झालेल्या दोषांशी ताडून बघतं. पिलो ९.५.० वर त्यानं बोट ठेवलं. "सर, तुम्ही सभासदांनी पाठवलेले फोटो उघडता ना याच्यात?"

उघडत होतो. आणि पिलोच्या पोटात लिबवेबपी नावाचा आणखी एक संच असतो, वेबपी जातीचे फोटो उलगडणारा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यात असा दोष सापडला, की मुद्दाम तयार केलेला फोटो नुसता उघडला तरी संगणकाचा ताबा दुसऱ्याकडे जाऊ शकेल. हल्लेखोर तो वापरतही होते. क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांनी धावपळ करून दुरुस्ती केली. पिलोनंही १०.०.१ मध्ये त्याच महिन्यात केली. माझ्या गोठवलेल्या खोलीत ती आलीच नाही. आणि गंमत बघा, लिबवेबपी हे नाव माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. ते पिलोबरोबर न सांगता आलेलं होतं. आपण ज्यावर अवलंबून, ते आणखी कशावर तरी अवलंबून. न्यायशास्त्रातली अनवस्थाच ती.

त्याच संगणकावर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर होते. बिघडलं काही नाही, नशीब. पण तो म्हणाला ते मला लागलं : "सर, तुम्ही खोली वेगळी केलीत आणि दार आतून लावून घेतलंत."

म्हातारपणी शिष्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. अंबरनाथचं आपलं शिवमंदिर १०६० सालचं. ते जसं आहे तसं जपायचं असतं. प्रोग्राम म्हणजे मंदिर नाही. भोवतालचं जग बदलत असताना तो थांबला, तर तो जुना होतो एवढंच नाही, धोक्याचा होतो.

हे फक्त लहान वाचनालयाचं नाही. मोठ्यांचं काय होतं, त्याचं उदाहरण आपल्यापासून फार लांब नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतला माल परदेशी जातो तो प्रामुख्यानं न्हावा-शेवाच्या बंदरातून, जेएनपीटीतून. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसनं जगभर हाहाकार केला. मर्स्क ही जहाजकंपनी त्यात सापडली, आणि तिच्याच समूहाकडे असलेलं जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही. कंटेनर कोणता, कुठे, कोणाचा, हे सांगणारे संगणकच बंद. कामं हातानं करायची वेळ आली, कंटेनर अडकले. आमच्या ग्रंथपालबाईंची वही, फक्त फार मोठ्या मापाची.

त्या एका घटनेत आजचे तिन्ही धडे आहेत, म्हणून ती सांगतो.

एक : हा व्हायरस पसरायला विंडोजमधल्या ज्या दोषाचा उपयोग झाला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला दिलेली होती. साडेतीन महिने झाले तरी जगातल्या असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती.

दोन : पण व्हायरस मुळात आत शिरला कसा? एम.ई.डॉक नावाच्या युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी अपडेट पुरवणारी यंत्रणाच काबीज केली होती. म्हणजे ज्यांनी ते अपडेट इमानदारीनं घेतलं, त्यांनी विष घेतलं.

तीन : एकदा आत शिरल्यावर तो संगणकाच्या आठवणीतून पासवर्ड उचलायचा आणि दुरुस्ती केलेल्या शेजारच्या संगणकांतही घुसायचा. मधे भिंती नव्हत्या, म्हणून एका कार्यालयातली आग सगळीकडे गेली.

मर्स्कनं पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले, असं त्यांच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. पण नव्यानं उभं करायला मूळ यादी लागते. कोणाला कुठे प्रवेश आहे, याची यादी ठेवणारे त्यांचे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. त्यांतला एक वाचला, घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढी मोठी कंपनी एका लोडशेडिंगवर तरली. यादीची प्रत वेगळ्या जागी ठेवा, असं मी का म्हणतो, ते आता पटेल.

मग अपडेट घ्यायचं की नाही?

घेतलं नाही तर भोक, घेतलं तर कदाचित विष. हा पेच खरा आहे. त्यातून वाट काढायची ती सगळ्या अपडेटांना एकाच मापानं न मोजता.

सुरक्षेची दुरुस्ती आली, दोष जाहीर झालेला आहे, तर ती लगेच घ्यायची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या पॅकेजमधला दोष जाहीर झाल्यावर काही तासांत हल्ले सुरू झाले होते. तिथे 'रविवारी बघू' चालत नाही.

नुसती नवी आवृत्ती आली, नव्या सोयी घेऊन, तर तिला लोणच्यासारखं जरा मुरू द्यायचं. २०२४ मध्ये एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार बसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं. तो मागे लागला आणि २९ मार्चला सगळं उघडकीला आलं. पहिली विषारी आवृत्ती येऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. मुरू देणाऱ्या स्थिर प्रणाली, उदाहरणार्थ डेबियनची स्थिर आवृत्ती, त्यातून सुटल्या.

आणि पहिलाच आकडा बदलला, म्हणजे मोठा बदल असला तर? तर आपल्या लोकलकडून शिकायचं. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे ठरलं, २५,००० व्होल्ट एसीवर जायचं. आता सांगा, एका रात्रीत सगळ्या तारा आणि सगळ्या गाड्या बदलता येतील? तुम्ही बदलापूरहून रोज प्रवास करणारे लोक काय म्हणाल? म्हणून त्यांनी आधी दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. मग ब्लॉक घेऊन एकेका टप्प्यातली वीज बदलली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं काम जून २०१५ मध्ये पुरं झालं. दरम्यान लोक कामावर जात राहिले.

प्रोग्रामचंही तेच. आधी तो जुन्या आणि नव्या, दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा करायचा. पॅकेज आधीपासून इशारे देत असतं, 'ही पद्धत पुढे बंद होणार', ते वाचायचे. मग एक-एक पॅकेज बदलायचं. पायथन ३ आलं २००८ मध्ये आणि पायथन २ बंद झालं १ जानेवारी २०२० ला. मधली अकरा वर्षं लोकांनी अशीच दोन विजांवर काढली. खुद्द पायथनच्या प्रत्येक आवृत्तीलाही साधारण पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर ती खोली कितीही नीटनेटकी असो, सोडावी लागते.

आमचा महिन्याचा क्रम

आता वाचनालयात काय करतो ते सांगून थांबतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, वाचनालय बंद असतं तेव्हा, आधी ऑडिट चालवतो. मग जुन्या खोलीला हात न लावता शेजारी नवी खोली उभी करतो, हेतूच्या यादीवरून, ताज्या आवृत्त्यांनी. मग तिची परीक्षा : सभासद सापडतो का, पुस्तक देता येतं का, परत घेता येतं का, फोटो उघडतो का, मराठी नावं नीट दिसतात का. असे वीस प्रश्न कागदावर लिहिलेले आहेत. सगळे पास झाले तर प्रोग्रामला नवा पत्ता द्यायचा. जुनी खोली आठवडाभर तशीच ठेवायची. काही खटकलं तर पत्ता पुन्हा जुना. दोन्ही याद्यांची प्रत पेन ड्राइव्हवर, कपाटात.

पहिल्या वेळेला दुपार गेली होती. आता चहा निवायच्या आत होतं. आणि हे काम ग्रंथपालबाई स्वतः करतात, मी फक्त बसलेला असतो.

तेव्हा सांगायचं ते एवढंच. खोली वेगळी करायची ती बदल बाहेर ठेवण्यासाठी नाही, बदल बेतानं आत घेता यावा यासाठी. वेगळेपणा आणि ताजेपणा ही दोन भांडणारी मतं नाहीत. खोली वेगळी आहे म्हणून तर नवं आणून बघायचं धाडस होतं, आणि नवं आणत राहिलो म्हणूनच ती राहण्याजोगी उरते. वर्षभर दार लावून बसलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

बाईंची वही मात्र अजून काउंटरवर असते. ती काढायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.